दोन्ही बाजूंचं वजन सारखं कसं भरलं

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमच्या गावचे सरपंच माननीय ओमप्रकाशजी, समुद्रपूरहून वेळात वेळ काढून आलेल्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या अधिकारी डॉक्टर अपेक्षा मॅडम, ज्यांच्यासाठी आपण सगळे या समाजभवनात जमलो ते आता निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती पशुधन पर्यवेक्षक नागसेन साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या आणि मघापासून मला 'थोडक्यात, थोडक्यात' अशी खूण करणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती पौर्णिमाताई, आमच्या बचत गटाच्या सगळ्या बाया, मागं खुर्च्या न मिळाल्यामुळे सतरंजीवर ऐसपैस बसलेली गावकरी मंडळी आणि खिडकीतून डोकावणारी पोट्टी, तुम्हां सर्वांना नमस्कार, जय भीम.

मी कोकिळा. एकतीस वर्षं या गावची अंगणवाडी सेविका होते, त्यामुळे इथं बसलेल्या अर्ध्या लोकांचं नाक मी पुसलेलं आहे. सरपंचसाहेब, तुमचंही. हसू नका, नोंदवही अजून माझ्या कपाटात आहे. दर महिन्याला तुम्हाला काट्याच्या झोळीत बसवून वजन करायचं आणि तक्त्यावर एक टिंब काढायचं, हे माझं काम. टिंबाला टिंब जोडत गेलं की रेघ वर चढते. ज्या पोराची रेघ आडवी झाली, त्याच्या घरी मी दुसऱ्या दिवशी हजर. वाढ म्हणजे काय, हे मी त्या रेघेवरून शिकले.

भाषण मी शुद्ध मराठीत लिहून आणलंय. महादेवराव, म्हणजे आमचे मालक, यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, पण तू बोलून राह्यली असं नाई वाटत. म्हणून कागद पर्समध्येच ठेवते. जिभेवर येईल ते बोलते, गोड मानून घ्या.

नागसेन साहेब आमच्या गावात पहिल्यांदा आले त्याला चौदा वर्षं झाली. त्या दिवशी आमच्या अंगणात सात कोंबड्या माना टाकून बसल्या होत्या. साहेबांनी चोच उघडून बघितली, पोट चाचपलं आणि विचारलं, खायला काय दिलं? महादेवराव मोठ्या अभिमानानं म्हणाले, सरकीची ढेप. आपल्या घरची. बैलाले देतो, म्हशीले देतो, मंग कोंबडीनंच काय पाप केलं? आता कापसाच्या गावात सरकीची ढेप म्हणजे आमच्या लेखी पंचपक्वान्न. कोंबडीला ती सोसत नाही, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाला माहीत? दुसरा कोणी साहेब असता तर ओरडला असता. हे ओरडले नाहीत. ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, महादेवराव, तुमची माया बरोबर आहे, फक्त ताट चुकलं. तेव्हापासून हे साहेब आमच्या घरचे झाले.

मॅडम, तुम्ही मघाशी बोलताना साहेबांच्या लसीकरणाचे, शिबिरांचे आकडे सांगितले. ते खरेच आहेत. पण मला त्यांचं एक स्वप्न सांगायचं आहे. ते त्यांनी दवाखान्याच्या कोणत्याच अहवालात लिहिलेलं नाही.

आपल्या गावात बारा बाया कंपनीच्या कोंबड्या पाळतात. कंपनी पिल्लू देते, खाद्य देते, सहा आठवड्यांनी गाडी येते आणि पक्षी भरून घेऊन जाते. या कोंबड्यांची वाढ तुम्ही कधी निवांत बसून बघितली आहे का? मी बघितली आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू ओंजळीत घेतलं तर हाताला भारच लागत नाही. तयार खाद्याचा बारीक चुरा त्याच्यापुढं टाका, आठ दिवसांनी तेच पिल्लू चौपट झालेलं असतं. माणसाचं लेकरू दुप्पट व्हायला पाच महिने घेतं. मी एकतीस वर्षं टिंबं काढली, पण अशी उभी चढणारी रेघ कधी पाहिली नव्हती. दुपारी शेडमध्ये खाटेवर जरा डोळा लागावा आणि उठून बघावं तर समोरचं पिल्लू मघापेक्षा मोठं दिसावं. खरंच दिसतं. मला वाटायचं, मी झोपेतच आहे की काय.

साहेब सांगायचे, यात जादू काही नाही. त्या पोत्यात मका आहे, सोयाबीनची ढेप आहे, तेल आहे, खनिजं आहेत, आणि जे आपल्या दाण्यात कमी पडतं ते वरून मोजून घातलेलं आहे. वयाप्रमाणे खाद्य बदलतं. आधी चुरा, मग जरा मोठा, शेवटी गोळ्या. प्रत्येक गोळीत सगळं सारखं, म्हणजे पिल्लाला निवडानिवड करायची सोय नाही. म्हणून ते भराभर वाढतं. इतकं भराभर की कधी कधी अंगाचा भार पायांना पेलत नाही आणि ते बसून राहतं. साहेबांना ते बसलेलं पिल्लू बघवायचं नाही. त्याच्या पायावरून बोट फिरवत ते म्हणायचे, कोकिळाबाई, सोयाबीन आपल्या वावरात, मका आपल्या वावरात, ज्वारी आपल्या वावरात. हे सगळं गाडीत भरून बाहेर जातं आणि पोत्यात बंद होऊन परत येतं. आपल्याच चुलीवर भाजून, आपल्याच चक्कीवर भरडून आपलं खाद्य झालं तर?

हे त्यांचं स्वप्न. दवाखान्यातून निघताना, मोटारसायकलला किक मारताना, पौर्णिमाताईंच्या हातच्या भाकरीचा डबा उघडताना ते हेच बोलायचे. निवृत्तीनंतर वर्ध्याला घर आहे, तिकडं न जाता याच गावात खोली घ्यायची आणि बारा बायांसाठी खाद्य तयार करायचं, इथपर्यंत त्यांनी सगळं ठरवून टाकलेलं आहे. ताई, तुम्ही मान डोलावून राह्यल्या, म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे.

पण साहेब शास्त्राचे माणूस. ते म्हणाले, आधी पडताळून बघू. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी स्वतः दोनशे पिल्लं आणली. आमच्या शेडमध्ये मधोमध जाळी बांधली. जाळीच्या अलीकडं शंभर, पलीकडं शंभर. अलीकडच्यांना कंपनीचं तयार खाद्य, पलीकडच्यांना घरचं. घरच्या बाजूच्या पिल्लांच्या पाठीवर जांभळ्या औषधाचा ठिपका लावला. सोयाबीन मी भाजत होते. कच्चं राहिलं तर पिल्लाला पचत नाही, वाढ खुंटते, हे साहेबांनी मला दहा वेळा बजावलं होतं. आणि वजनाचा काटा त्यांनी माझ्या हाती दिला. म्हणाले, या गावात कोकिळाबाईंच्या काट्यावर कोणी शंका घेत नाही.

ते बेचाळीस दिवस, मंडळी, माझ्या आयुष्यातले फार सुंदर दिवस होते. थंडी पडली होती. सकाळी तुरीच्या वावरावर धुकं असायचं आणि शेडमध्ये बल्बाखाली पिवळा उजेड. पोत्याचा पडदा बाजूला केला की आतली ऊब तोंडावर यायची. दोनशे चोची एका वेळी पत्र्यावर टिपायला लागल्या की तो आवाज ऐकत मी तशीच उभी राहायची. काम विसरायची. घरी माझी पोरं मोठी होऊन पुण्याला, नागपूरला गेलेली. कितीतरी वर्षांनी माझ्या हाताखाली काहीतरी वाढत होतं. मला तिथून उठावंसंच वाटत नसे. महादेवराव दारातून हाक मारायचे, जेवाले ये वो, तर माझं म्हणणं, इकडंच आणा.

तिसऱ्या आठवड्याचं वजन झालं. कंपनीची बाजू नऊशे ग्रॅम, घरची बाजू सहाशे. साहेबांनी आकडा लिहिला आणि पेन बराच वेळ हातातच धरून ठेवला. मी म्हटलं, साहेब, अंगणवाडीतही मागं पडलेलं पोरगं नंतर भरून काढतं. ते म्हणाले, काढतं, बाई, पक्षीही काढतात कधी कधी. मग त्यांची नेमणूक तीन आठवडे दुसऱ्या तालुक्यात लागली. पिल्लांची लव झडून पिसं आली, तसे जांभळे ठिपकेही गेले. फोनवर साहेब म्हणाले, जाळी आहे ना मधे, मग ठिपक्याची काय गरज?

शेवटच्या वजनाच्या आदल्या दिवशी दुपारी वादळ आलं. तुम्हाला आठवत असेल, त्या दिवशी गारा पडल्या, वेचायचा राहिलेला कापूस भिजला. आमच्या शेडच्या दोन टिना उडाल्या आणि जाळी खांबासकट खाली आली. मी धावत गेले तर एकशे ब्याण्णव पक्षी एका कोरड्या कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर. बाकीचे गेले. अलीकडचे कोण, पलीकडचे कोण, काही कळायला मार्ग नाही.

आता मी जे सांगणार आहे ते चाळीस दिवस पोटात ठेवलंय. साहेब, तुम्ही जरा पाणी प्या.

गारा थांबल्या. ऊन पडलं. उडालेल्या टिनांतून ऊन आत आलं आणि ओल्या भुशातून वाफ निघायला लागली. मी जाळी परत बांधली. पहिला पक्षी उचलला, जड होता. दुसरा उचलला, हलका. हलका पळायचा, त्याच्यामागं शेडभर फिरावं लागे. जड जागेवर बसून असायचा, मुकाट्यानं हातात यायचा. माझ्या हाताला सगळं कळत होतं, साहेब. ठिपक्याची गरजच नव्हती. जड ते कंपनीचे, हलके ते घरचे. काही मधले असतील, त्यांचं सांगता येणार नाही, पण बहुतेकांचं सांगता आलं असतं.

मी तसं वेगळं करायला लागले. दहा-बारा झाले आणि माझा हात थांबला. सगळे रोडके एका बाजूला कसे बसवायचे? एकतीस वर्षं मी पोरांना खिचडी वाढली. पहिल्या पोराला जेवढा डाव, शेवटच्यालाही तेवढाच. एकाच्या ताटात कमी दिसलं तर मला घास गिळवत नसे. त्या पिवळ्या वाफेत मी गुंगीत असल्यासारखी होते. एक जड इकडं ठेवला, एक जड तिकडं. एक हलका इकडं, एक हलका तिकडं. शहाण्णव आणि शहाण्णव. पंगतीत वाढावं तसं मी ते वाटून टाकलं. शेवटचा पक्षी ठेवला तेव्हा मला फार शांत वाटलं. कोणावर अन्याय झाला नाही, असं वाटलं.

मुद्दाम केलं का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. खरं सांगू? अर्धं मुद्दाम होतं. तुमचं स्वप्न मोडलेलं मला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. काटा लावला. कंपनीची बाजू सरासरी एक किलो आठशे. घरची बाजू एक किलो सातशे नव्वद. साहेबांनी परत एकदा हिशेब केला आणि मग खाद्याच्या पोत्यावरच बसले. त्यांनी ताईंना फोन लावला आणि एकच शब्द बोलले, "जमलं." कंपनीच्या पक्ष्यांचं वजन नेहमीपेक्षा कमी कसं भरलं, असं मी घाबरत घाबरत विचारलं, तर म्हणाले, थंडीनं. साहेब, थंडीचा काही दोष नव्हता. ते वजन मी कमी केलं होतं आणि पलीकडचं मी वाढवलं होतं.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. तुमचा चेहरा बघून तोंड उघडलं नाही. म्हटलं, उद्या सांगू. तेवढ्यात तुम्ही त्या वजनांचा तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर लावला. म्हटलं, संक्रांत होऊ द्या. संक्रांतीला बाया वाण घेऊन घरी आल्या तर सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, आता कंपनी सोडायची, साहेबांचं खाद्य घालायचं. महादेवराव म्हणाले, काऊन उकरते आता, कोणाले मालूम आहे? आजही सकाळी हेच म्हणाले. ते माझ्या काळजीनं म्हणतात, त्यांच्यावर रागावू नका.

पण ही समोर दुसऱ्या रांगेत जागृती बसली आहे. मांडीवर सात महिन्यांची पोर आहे. जागृती, तू सोमवारी कंपनीच्या माणसाला सांगणार आहेस की पुढची पिल्लं नको. तुझ्यामागं अकरा जणी सांगणार आहेत. कशाच्या भरवशावर? माझ्या काट्याच्या. उद्या तुझी पिल्लं दीड किलोवर थांबली, व्यापाऱ्यानं ती उचलली नाहीत, तर तू साहेबांना बोल लावशील. साहेब स्वतःला लावतील. आणि मी मात्र घरी पोत्याचा पडदा सोडून निवांत बसेन. हे मला जमणार नाही. कोणाच्याही पोराचा तक्ता मी कधी खोटा भरला नाही. जाता जाता हा एक भरला, आणि तोही ज्या माणसानं माझ्यावर सगळ्यात जास्त विश्वास ठेवला त्याच्या नावावर.

तर जागृती, सोमवारी कंपनीला नाही म्हणू नको. कोणीच म्हणू नका. मॅडम, तो तक्ता भिंतीवरून काढायचा आहे. काढताना मी स्वतः येईन.

साहेब, घरच्या खाद्यावर पक्षी वाढतच नाहीत, असं मी म्हणत नाही. माझ्या हाताला जे कळलं ते एवढंच की ते हलके होते, आणि माझ्या पायांना जे कळलं ते हे की त्यांना पकडताना माझा दम निघाला. यातून काय काढायचं ते तुमचं शास्त्र जाणे. खाद्यात काय कमी पडलं, सोयाबीन मी नीट भाजलं का, ज्वारी जास्त झाली का, ते पुन्हा मोजावं लागेल. स्वप्न खोटं नव्हतं, साहेब. खोटं फक्त वजन होतं.

आमच्या गटात रीत आहे की शाल-श्रीफळ सगळ्यात वडीलधाऱ्या बाईच्या हातून द्यायचं. म्हणून ही शाल मघापासून माझ्या हातात आहे. घडी मी अजून उलगडलेली नाही. हे ऐकल्यावर ती माझ्या हातून घ्यायची की आमच्या गटातल्या मोनालीच्या, हे तुम्ही ठरवा. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण तो माझा प्रश्न आहे.

आता आभार. साहेब, चौदा वर्षांच्या उन्हातान्हाचे आभार. पौर्णिमाताई, त्यांचं बोलणं रोज ऐकून घेतल्याबद्दल तुमचे जास्त आभार. सरपंचसाहेब, समाजभवन दिलं, मॅडम, तुम्ही आलात, स्वयंपाक करणाऱ्या बायांनी सकाळपासून धुरात डोळे लाल केले, सगळ्यांची मी ऋणी आहे. भाषण संपवताना लोक म्हणतात, नकळत काही चुकलं असेल तर पदरात घ्या. माझं नकळत नाही, कळून चुकलं. तेवढं पदरात घेता आलं तर घ्या.

एक राहिलं. गेल्या आठवड्यात मी शेड धुतली, चुना मारला, भुसा पसरला. मंगळवारी दोनशे पिल्लं येत आहेत. कंपनीची नाहीत, माझी आहेत. जाळी या वेळी दोन पदरी आणली आहे. साहेब, ठिपका तुम्ही लावजा, लव झडली की पायात रंगीत कडं घालजा, आणि काटा जागृतीच्या हाती देजा. मी फक्त सोयाबीन भाजीन. वजनाच्या दिवशी मला शेडच्या बाहेर बसवजा.

बसते आता.

अं? साहेब उभे राह्यले. मंडळी, जरा शांत व्हा, साहेब काहीतरी बोलून राह्यले. माईक नाही त्यांच्याजवळ, मीच सांगते. ते विचारून राह्यले, मंगळवारी पिल्लं किती वाजता येतात.

सकाळी सहा वाजता, साहेब. इकडं या, वाका जरा, माझा हात पुरत नाही... आता मंगळवारी ही शाल पांघरूनच येजा. त्या टायमाले आमच्या शेडमध्ये लय थंडी राह्यते.